दोन ढिल्या मेखा

मॅट कशी अंथरतात हे आधी सांगतो, कारण फिरकीचा मास्तर म्हणून माझी जी काही अब्रू आहे ती सगळी त्या मॅटखाली दडलेली आहे. संपादकांना हवं होतं ते वेगळंच. ‘सर, तुम्ही घडवलेल्या गोलंदाजांवर लिहा,’ असं ते फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि चार दिवस कागद पुढ्यात घेऊन नुसता बसलो. नावांची यादी पानभर झाली, पण प्रत्येक नावाआडून एकच चेहरा डोकावत होता आणि त्या चेहऱ्याला मी घडवलं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तर मॅट. मोठ्या मैदानांवर टर्फची, म्हणजे माती लाटून केलेली खेळपट्टी असते. तिला पाणी लागतं, रोलर लागतो, बारा महिने राबणारा माणूस लागतो. कराडला संगमाच्या वरच्या अंगाला आमचं जे मैदान होतं तिथे यातलं काही नव्हतं. मुरमाची कडक पट्टी आणि तिच्यावर काथ्याची मॅट, एवढाच आमचा थाट. ही मॅट सतरंजीसारखी नुसती टाकून चालत नाही. आधी एक टोक लोखंडी मेखांनी ठोकायचं, मग दुसऱ्या टोकाला तिघाचौघांनी टाचा रोवून ती ताणायची आणि मग दोन्ही कडांच्या कड्यांमधून मेखा मारत जायचं. नीट ताणलेली मॅट पायाखाली सरकत नाही. कुठे ढिली राहिली, तर चेंडू पडला की तिथला काथ्या जरासा सरकतो, चेंडूला धरून ठेवतो आणि मग सोडतो. तेवढ्यात तो वळतो. गोलंदाजाने काहीही केलेलं नसलं तरी वळतो.

मी शाळेत पी.टी.चा शिक्षक होतो. तीस वर्षं पोरांना रांगेत उभं करून ‘विश्राम’ आणि ‘सावधान’ सांगितलं. माझा खरा जीव मात्र संध्याकाळी पाच ते सात या वेळेत होता. मनगटी फिरकी शिकवायची, जो येईल त्याला, फुकट. ज्यांना क्रिकेटचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोटांनी चेंडू फिरवणारे पुष्कळ असतात, मनगटाने फिरवणारे फार थोडे. चेंडूच्या शिवणीवर दोन बोटं आडवी, अनामिका दुमडून टेकलेली, अंगठा नुसता पाहुणा. हात कानाजवळून येईपर्यंत मनगट आत वाकवून ठेवायचं आणि शेवटच्या क्षणी, कुलपात किल्ली फिरवावी तसं ते उलगडायचं. ते अर्ध्यावर उलगडलं तर चेंडू घरंगळतो. पूर्ण उलगडलं तर हवेत गुणगुणतो. ते गुणगुणणं कानाला ऐकू येतं. मी ते आयुष्यात फार तर दहाजणांच्या हातून ऐकलं असेल.

माझ्याकडे येणारे सगळेच काही होतकरू नव्हते. मोहिते हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलेले, वय पन्नाशीच्या पुढे, मिशा अजून परेडवर. एके दिवशी मैदानात येऊन सरळ उभे राहिले. म्हणाले, “सर, मला लेगस्पिन शिकवा. पलटनीत समद्यांनी फास्टच टाकाय लावली. मनात राहून गेलं बगा.” त्यांचा पहिला चेंडू जाळीवरून शेजारच्या उसात गेला. दुसराही. मी किल्लीचं उदाहरण दिलं, तर त्यांनी घरी जाऊन ट्रंकेच्या कुलपावर आठवडाभर सराव केला आणि परत येऊन रिपोर्ट दिला, “सर, कुलूप बिगाडलं. बॉल अजून सरळच जातोय.” चेंडू वळला नाही तरी हवालदार टिकले, कारण मॅट ठोकण्यात त्यांचा हात धरणारा आमच्यात कुणी नव्हता. तंबू ठोकण्यात जन्म गेला होता त्यांचा.

भारती आली ती त्याच सुमारास. जत तालुक्यातली, घरी मेंढरं, कराडच्या होस्टेलला राहून नर्सिंग शिकत होती. वय वीस असेल. शाळेच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून ती स्वतःच फिरकी शिकली होती. मी तिच्या हातात सीझन बॉल दिला, तिने तो बोटांत असा काही फिरवला की मी बघतच राहिलो. बोटांत चपळाई होती, आणि घाई अजिबात नव्हती.

“हे कुठे शिकलीस?” मी विचारलं.

“चातीवर, सर. अव्वासंगं, म्हंजे आईसंगं, लोकर काताय बसायची की मी. चाती थांबली की अव्वा वरडायची.”

तिच्यात एकच दोष होता. मी चेंडूचा अर्धा भाग पांढरा रंगवून तिला टाकायला सांगितला. ही आमची जुनी युक्ती आहे, रंगवलेला चेंडू हवेत कसा फिरतो ते लगेच दिसतं. तिचा चेंडू डगमगत निघत होता. हात कानाजवळ यायच्या आधीच तिचं मनगट सुटत होतं. दोष लहान होता पण मुळातला होता, आणि तो मला पहिल्या आठवड्यातच दिसला होता. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी तो दिसला नसल्यासारखा वागलो.

गोलंदाजाचं मनगट दुरुस्त करायला घेतलं की काही दिवस तो आधीपेक्षा वाईट टाकतो. टप्पा जातो, चेंडू डोक्यावरून जातात, बघणारे हसतात. प्रत्येक प्रशिक्षकाला हे माहीत असतं आणि बहुतेकांना ते नको असतं. मी तिला म्हटलं, आधी टप्पा पक्का होऊ दे, मनगटाचं नंतर बघू.

त्याच हिवाळ्यात मॅटच्या एका कडेच्या दोन कड्या तुटल्या. नेमक्या टप्प्याच्या जागी. दोन मेखा लोंबकळत राहिल्या आणि त्या संध्याकाळी भारतीचा चेंडू वीतभर वळला. समोर फलंदाजीला कॉलेजचा चांगला खेळाडू होता, त्याची यष्टी उडाली आणि तो खेळपट्टीकडे बघत उभा राहिला. पुढचा चेंडूही तसाच. बातमी गावभर झाली. लोक संध्याकाळी चालायला येत ते जाळीपाशी थांबू लागले. एका स्थानिक पत्रकाराने माझ्यावर अर्धा रकाना लिहिला. तीस वर्षं ‘विश्राम’ म्हणणाऱ्या माणसाला अर्धा रकाना फार असतो.

मी कड्या दुरुस्त करून आणल्या. मेखा मात्र चार बोटं वरच ठेवल्या.

त्या आठवड्यात हवालदारांचाही चेंडू वळला. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पण माणूस शिस्तीचा. वळला कसा याचा तपास करायला ते खेळपट्टीवर गेले, वाकले, मेख हलवून बघितली आणि माझ्याकडे आले. सगळा आनंद मावळला होता.

“सर, दोन मेखा ढिल्या हायत. ठोकू का?”

“राहू द्या,” मी म्हणालो.

“आवं, पर त्यामुळंच तर बॉल…”

“हवालदार, राहू द्या म्हटलं ना.”

 हुकूम मोडायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मॅट ठोकताना त्या दोन मेखांपाशी आले की ते हातोडा खाली ठेवत आणि तेवढ्या दोन मी अर्धवट मारत असे. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

दोन वर्षं असं चाललं. भारतीचं मनगट होतं तसंच राहिलं, कारण चेंडू तर वळतच होता. कधीमधी तीच विचारायची, “सर, मनगटाचं बगायचं व्हतं न्हवं?” मी म्हणायचो, बघू. लोक येत, बघत, माझ्या पाठीवर थाप मारून जात. खरं सांगायचं तर ती थाप मला सोडवत नव्हती.

मग सांगलीला निवड चाचणी लागली. तेवीस वर्षांखालच्या मुलींची, आणि तिचं हे शेवटचं वर्ष. यात निवड झाली असती तर पुढे संघ होता, स्पर्धा होत्या, घरच्यांनाही ती तसं सांगून आली होती. नाहीतर वय उलटून जाणार आणि दार बंद. आम्ही सकाळच्या एस्टीने गेलो. मैदानात पाऊल टाकलं आणि समोर टर्फची खेळपट्टी दिसली, गुळगुळीत, कडक, उन्हात चमकणारी. इथे ना काथ्या होता, ना मेख.

“सर, हितं फिरंल न्हवं?” तिने विचारलं.

“न फिरायला काय झालं?” मी म्हणालो.

नाही फिरला. पहिल्या षटकात समोरची मुलगी जपून खेळली, दुसऱ्यात तिला कळलं की चेंडू सरळच येतोय आणि मग तिने काही ठेवलं नाही. प्रत्येक चेंडूनंतर भारती तो जिथे पडला त्या जागेकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. मी पाण्याची बाटली उघडत होतो आणि बंद करत होतो. चार षटकं झाल्यावर निवड समितीतल्या एका बाईंनी तिला बाजूला घेतलं. स्वतः खेळलेल्या असाव्यात. आवाजात आपुलकी होती.

“हात चांगला आहे गं तुझा. पण मनगट मध्येच सोडतेस. कुणी सांगितलं नाही का तुला?”

“आमचं सर आल्यात की,” भारती म्हणाली. “त्ये बगा, तितं.”

तिने बोट दाखवलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

परतीच्या गाडीत खिडकीशी ती बसली होती. इस्लामपूर आलं. मग म्हणाली, “सर, त्या बाई म्हनल्या मनगट सुटतंय. खरं हाय का?”

दोन वर्षांत मला हे सांगायच्या शेकडो संध्याकाळी मिळाल्या होत्या आणि आता तर तिने आयतंच विचारलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग कराडला कसा फिरायचा? मी म्हणालो, “मनगट-बिनगट काही नाही. तू घाबरलीस. भीतीने हात आखडतो, मग मनगट सुटतं.”

“मी भ्याले?” तिने एकदम माझ्याकडे बघितलं. मेंढरांमागे एकटी रान तुडवलेली पोरगी ती. मग म्हणाली, “आसंल, सर. माझं मलाच कळलं नसंल.”

 मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

दोन दिवसांनी ती मैदानात आली. त्याच मॅटवर तिने सहा चेंडू टाकले, सहाही वीतभर वळले. ती हसली, पण ते हसू वेगळं होतं. म्हणाली, “बगितलं का सर? हितं भ्या वाटत न्हाई, तर कसा फिरतोय. तुमी म्हनला त्येच खरं.” मी मान हलवली. होय, हलवली. माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण त्या मान हलवण्याइतकं हलकं काम दुसरं केल्याचं आठवत नाही.

ती होस्टेलवर गेल्यावर हवालदार उठले. हातोडा घेतला, त्या दोन मेखा मुळापर्यंत ठोकल्या आणि हातोडा माझ्या पायांशी ठेवला.

“सर, तंबूची मेख ढिली ठिवली तर आमच्यात शिक्षा व्हायची. हितं तुमाला कोन देनार?” ते म्हणाले. “पोरीला तुमी सांगायचं. म्या न्हाई सांगनार.” त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. बाजारात दिसत, नमस्कार करत, चालायला लागत.

मी सांगेन म्हणत राहिलो. तिची परीक्षा आली, मग निकाल, मग ती गेली. मेखा त्यानंतर मी रोज नीट ठोकल्या. पुढे बरीच मुलं आली, त्यांची मनगटं मी पहिल्या दिवसापासून दुरुस्त केली आणि त्यातले दोघे बरे खेळलेही. यादी पानभर होते ती त्यांचीच. पण चांगला प्रशिक्षक मी कुणाच्या जिवावर झालो हे मला माहीत होतं.

यंदा तिचा फोन आला. बारा वर्षांनी. जत तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात ती नर्स आहे आणि रविवारी शाळेच्या मैदानात मुलींना क्रिकेट शिकवते. “सर, तुमच्याकडं आता टर्फ झाली म्हनं. जुनी मॅट पडून असंल तर आमाला द्या की.” मॅट पडूनच होती. मी टेंपो ठरवला आणि मॅटबरोबर स्वतःही निघालो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. जतच्या माळावर पोचेपर्यंत सगळी मोडून पडली होती.

आरोग्य केंद्रासमोर पाण्याचा टँकर उभा होता, पलीकडे शाळा. भारतीने वाकून नमस्कार केला. अंगाने थोडी भरली होती, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेली, नाडी मोजणाऱ्या बायकांची सवय. केंद्राच्या ओसरीवर चहा घेताना मी विचारलं, इथेच का राहिलीस, सांगलीला मोठी हॉस्पिटलं आहेत की.

“बोलावलं व्हतं, सर. ऑपरेशनच्या खोलीत. पगार बी चांगला व्हता. मीच नगं म्हनलं.” ती अगदी सहज बोलत होती. “ऐन येळंला माझा हात आखडतो. तुमाला तर म्हाईतच हाय. तितं कुनाचा जीव असतोय, सर. हितं सुया, गोळ्या, बाळंतिनीची तपासनी, एवडं जमतंय मला.”

मी चहाचा कप ओसरीच्या कडेला ठेवून दिला.

मैदानात सात मुली वाट बघत होत्या. आम्ही मॅट पसरली, ताणली, ठोकली. मग भारतीने मुलींना समोर बसवलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, “हे आमचं सर. ह्यांनी मला शिकवलेली एक गोष्ट ध्यानात ठिवा. भ्यायचं न्हाई. मी सांगलीला भ्याले, हात आखडला, म्हनून माझं राहिलं. सरांनी तवाच सांगितलं नसतं तर मला कळलं बी नसतं.”

सातही मुलींनी माझ्याकडे आदराने बघितलं. ती माझे उपकार सांगावे तसं बोलत होती आणि मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. माझं खोटं तिच्यापाशी थांबलं नव्हतं, ते आता या सातजणींना पोचत होतं. मी उठलो. हातोड्याची उलटी बाजू घालून टप्प्याजवळच्या दोन मेखा चार बोटं वर काढल्या.

“भारती, दोन चेंडू टाक.”

“मी, सर? आता?”

“टाक.”

तिने टाकले. दोन्ही वीतभर वळले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मेखा मुळापर्यंत ठोकल्या. “आता त्याच जागी टाक.” चेंडू सरळ गेला. पुढचाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. भारती त्या मेखांजवळ आली, उकिडवी बसली आणि बोटाने एक मेख हलवून बघितली.

“कराडला बी ढिल्या व्हत्या?” तिने वर न बघता विचारलं.

“हो.”

“तुमाला म्हाईत व्हतं?”

“मीच ठेवत होतो.”

“सांगलीला जाताना बी म्हाईत व्हतं?”

“हो.”

“आन येताना?”

 मी मान हलवली, पुन्हा एकदा.

 एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, तिला तिने हातानेच थांबवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “म्हंजे मी भ्याले नव्हते.”

मी म्हणालो, “भारती, मी तुझा फार मोठा गुन्हेगार आहे. मला…”

“ऱ्हाऊ द्या, सर,” ती उठत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्या बाई म्हनल्या ते मनगटाचं. ते दाखवा.”

मी दाखवलं. तिच्याजवळ उभा राहून, हात कानापाशी येईपर्यंत मनगट आत कसं धरून ठेवायचं, अनामिकेने शिवण कशी वर उचलायची. आधी चेंडू या हातातून त्या हातात, मग पाच पावलांवरून, मग पूर्ण अंतरावरून. पहिले काही चेंडू वाटेल तिकडे गेले. एक तर शाळेच्या पत्र्यावर जाऊन आपटला, मुली हसल्या, ती हसली नाही. पुढचा तिच्या हातातून सुटला तेव्हा मला ते गुणगुणणं ऐकू आलं. चेंडू ताणलेल्या मॅटवर पडला आणि बोटभर, चांगला स्वच्छ बोटभर, वळला.

तिने तो परत मागवला आणि पुन्हा टाकला. पुन्हा वळला. मग तिने मनगट उलटं करून आतल्या बाजूच्या घड्याळात बघितलं.

“सर, धा मिन्टं बी लागली न्हाईत,” ती म्हणाली.

तिने चेंडू पुढच्या मुलीच्या हातात दिला, तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिचं मनगट धरलं. माझ्या हातात हातोडा तसाच होता. मी उगाच वाकून ती मेख हलवून बघितली. ती पक्की होती.